चौकट तुमची, बातमी आमची

(पडद्यावर: फुगीर काचेचा जुना मॉनिटर. पान हळूहळू, वरून खाली उमटतंय.)

डावीकडे बटणांची उभी रांग. खाली जाहिरात. आणि मधे, उरलेल्या जागेत अंग चोरून बसलेली वॉशिंग्टन पोस्टची बातमी. आता वर, पत्त्याच्या पट्टीकडे बघा. तिथे पोस्टचं नाव नाही. तिथे लिहिलंय, टोटलन्यूज.

अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सची ही छोटी कंपनी. बातम्या दुसऱ्यांच्या, जाहिराती मात्र हिच्या. आयत्या बिळावर नागोबा.

ही सोय दिली होती नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने, १९९६ साली. एका खिडकीचे कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्यात वेगळं पान उघडायचं. त्यांना म्हणायचं फ्रेम. मेन्यू जागच्या जागी राहतो, मजकूर तेवढा सरकतो. कल्पना चांगलीच होती. फक्त कप्प्यात कोणाचं पान आणावं, याला काही धरबंध नव्हता, आणि ज्याचं पान आणलं त्याला कोणी विचारतही नव्हतं.

२० फेब्रुवारी १९९७. वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएन, टाइम, डाउ जोन्स, रॉयटर्स अशी बडी मंडळी न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात गेली. फिर्यादीत टोटलन्यूजला ‘परजीवी वेबसाइट’ म्हटलंय. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: बांडगूळ. जूनमध्ये तडजोड झाली. साध्या अक्षरांतली लिंक द्या, चौकटीत बसवू नका. न्यायाधीशांनी निकाल दिलाच नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

मग वेबसाइटवाल्यांनी आपापला उपाय काढला. पानातच जावास्क्रिप्टची, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची, एक ओळ. सगळ्यात वरची खिडकी मीच आहे का? नसेन, तर वरच्या खिडकीत माझंच पान उघड. याला म्हणायचे फ्रेम-बस्टर. म्हणजे चौकटफोड्या.

(पडद्यावर: एक खेळ. बटण इकडून तिकडे उडतंय, बाण त्याच्यामागे धावतोय.)

तोवर भांडण जाहिरातींचं होतं. २००८ मध्ये ते बदललं. हा खेळ त्याच वर्षी नमुना म्हणून दाखवला गेला. बटण पकडा, गुण मिळवा. यात वाईट काय?

थांबा. खेळावर एक दुसरं पान अंथरलेलं आहे, पूर्ण पारदर्शक. आपण ते थोडं गडद करून दाखवतो. दिसलं? ही फ्लॅशची सेटिंग्ज, म्हणजे तेव्हा ब्राउझरमध्ये खेळ आणि व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रॅमची. तुमचं बोट खेळातल्या बटणावर, पण दाबलं जातंय ते वरच्या पानातलं ‘परवानगी द्या’. चार-पाच क्लिक, आणि कॅमेरा चालू.

रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन या दोघांनी या प्रकाराला क्लिकजॅकिंग हे नाव दिलं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत ते तपशील मांडणार होते. फ्लॅश बनवणाऱ्या अडोबीने वेळ मागितला, म्हणून व्याख्यान मागे घेतलं. क्लिक तुमचीच, लॉगिन तुमचंच, त्यामुळे समोरच्या सर्व्हरला शंका यायला जागाच नाही.

आणि चौकटफोड्या? स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०१० मध्ये ५०० मोठ्या साइट्स तपासल्या. ज्यांनी ही युक्ती वापरली होती, त्या सगळ्यांना चकवता आलं. एक वाट तर अगदीच सोपी: फ्रेममधल्या पानाची जावास्क्रिप्ट बाहेरूनच बंद करायची. पहारेकऱ्याला झोपेची गोळी!

खरा उपाय पानाबाहेरचा निघाला. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये एक हेडर आणला, एक्स-फ्रेम-ऑप्शन्स. सर्व्हर पानासोबत ही चिठ्ठी धाडतो. ‘डिनाय’ म्हणजे कोणाच्याच चौकटीत नको. ‘सेमओरिजिन’ म्हणजे फक्त माझ्याच साइटच्या. चिठ्ठी वाचतो ब्राउझर, आणि पान दाखवायचं की नाही हेही तोच ठरवतो. तिथे बाहेरच्या पानाचा हात पोचत नाही. बाकीच्या ब्राउझरांनीही हे उचललं. पुढे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी या अशाच दुसऱ्या चिठ्ठीत ‘फ्रेम-अँसेस्टर्स’ आलं. त्यात परवानगी असलेल्या साइट्सची नावंच लिहून देता येतात.

एक चूक मात्र अजून सर्रास होते. चिठ्ठीतली ही ओळ लोक पानातल्याच मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या माहितीच्या खुणेत, लिहितात आणि निर्धास्त होतात. ब्राउझर तिथे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ती सर्व्हरकडूनच यावी लागते.

(पडद्यावर: कोरी फाइल. टाइप होणारी एकच ओळ.)

करून बघायला दोन मिनिटं पुरतात. एक फाइल, त्यात एक आयफ्रेम, म्हणजे पानात बसवायची चौकट, आणि आयफ्रेममध्ये तुमच्या साइटचा पत्ता. सेव्ह करा, ब्राउझरमध्ये उघडा. साइट दिसली, तर ती उद्या कोणाच्याही खेळावर अंथरता येईल. आमच्या फाइलीत चौकट उमटली. आत राखाडी रंग, मधोमध रुसलेल्या चेहऱ्याचा कागद, आणि खाली एक ओळ: जोडणी नाकारली.