बाँडच्या आधीपासूनची शर्ली बॅसी

नमस्कार मंडळी, आज बोलूया शर्ली बॅसीबद्दल. नाव पटकन लक्षात नाही आलं तरी आवाज ऐकला असणार तुम्ही, जेम्स बाँडच्या 'गोल्डफिंगर'मध्ये ट्रम्पेट-ट्रॉम्बोन अंगावर धावून येतात आणि त्यांनाही दाबून टाकत जी बाई गाते, तीच ही.

जन्म 1937 चा, वेल्समधल्या कार्डिफ बंदराला लागून असलेल्या टायगर बे वस्तीतला. वडील नायजेरियन, आई इंग्लिश. शाळा लवकर सुटली, मग दिवसा फॅक्टरीत काम आणि संध्याकाळी पबमध्ये, क्लबमध्ये गाणं. 1959 ला 'ॲज आय लव्ह यू' ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, म्हणजे बाँड भेटायच्या आधीच बाई स्टार होत्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण बाँडने तिला मोठं केलं असं सगळे म्हणतात आणि मला ते अर्धंच खरं वाटतं.

1964 ला बाँडपटांचा संगीतकार जॉन बॅरीने 'गोल्डफिंगर'ची चाल बांधली. सिनेमाच्या नावाचंच गाणं सुरुवातीच्या टायटल्सवर वाजवायचं ही बाँडची पद्धत इथूनच पडली. आता गंमत अशी की रेकॉर्डिंगला समोर पडद्यावर टायटल्स चालू, आणि ती संपेपर्यंत शेवटचा सूर सोडायचा नाही! श्वास पुरेना, तेव्हा बाई आत गेल्या, आतला घट्ट कपडा काढून ठेवला आणि परत येऊन माइकपुढे उभ्या राहिल्या, हा किस्सा त्यांनीच पुढे इंटरव्ह्यूमध्ये सांगितलाय. निर्माता हॅरी साल्ट्झमनला तर गाणं अजिबात आवडलं नव्हतं, पण बदलायला वेळच नव्हता म्हणून राहिलं. अमेरिकेत ते आठव्या नंबरपर्यंत गेलं, आणि घरी ब्रिटनमध्ये? 21!

आणि शब्द बघा, एका व्हिलनपासून सावध राहा, एवढंच सांगतात. पण ती असं गाते की त्या माणसाची भीतीही वाटते आणि ओढही. तो माणूस पडद्यावर आलेलाही नसतो हो अजून.

1971 ला 'डायमंड्स आर फॉरेव्हर', मग 1979 ला 'मूनरेकर'. बाँडची तीन थीम साँग्ज गाणारी ती एकटीच. तिसरं मात्र माझ्या मते फिकं आहे, ते आधी अमेरिकन गायक जॉनी मॅथिसकडे गेलं होतं, अगदी शेवटी बाईंकडे आलं आणि ऐकताना ते जाणवतं, त्यांचा तो ठसकाच नाही त्यात.

मधल्या काळात 'बिग स्पेंडर' आलं, बीटल्सचं 'समथिंग' त्यांनी आपल्या ढंगात गायलं आणि तेही जोरात चाललं. 1997 ला प्रॉपेलरहेड्स या पोरांच्या ग्रुपबरोबर 'हिस्टरी रिपीटिंग', त्यावर क्लबमधली तरुण मंडळी नाचली. 2000 साली डेम झाल्या, म्हणजे ब्रिटनमध्ये पुरुषांना 'सर' मिळतं तसा बायकांना मिळणारा किताब. 2007 ला ग्लास्टनबरी या इंग्लंडमधल्या उघड्या मैदानावरच्या संगीत महोत्सवाच्या चिखलात गुलाबी गाऊन आणि खड्यांनी चमकणारे गमबूट, वयाची सत्तरी! 2013 ला ऑस्करच्या स्टेजवर 'गोल्डफिंगर' परत, आणि अख्खा हॉल उभा.

चला, आता लावतो 'डायमंड्स आर फॉरेव्हर'. सुरुवातीला आवाज बारीक वाटेल, पण रेडिओ वाढवू नका, पुढे बाई स्वतःच वाढवतात.