देवळाच्या सभामंडपाला किती वीज लागते?

नमस्कार श्रोतेहो.

शिमगा जवळ आला की कोकणात गावागावांतून एकच विचारणा होते. "सभामंडपात फ्यूज टिकत नाही, थ्री फेज, म्हणजे जास्त भार पेलणारी तीन फेजची जोडणी, घ्यावं का?" माझं सांगणं असतं, आधी लोड, म्हणजे विजेचा एकूण भार, मोजा.

मोजायचा तो वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या रात्रीचा. एरवी मंडपात दोन ट्यूब आणि एखादा पंखा चालतो. पण पालखी आली, चाकरमानी जमले, रात्री नमन किंवा दशावतार उभा राहिला, की सगळं एकदम सुरू होतं. समजा, वीस जुने पंखे आहेत. प्रत्येकी ७५ वॅट, म्हणजे १५००. चोकवाल्या सोळा ट्यूब, ५० वॅटने ८००. हजार वॅटचे चार हॅलोजन, ४०००. साउंडचे १५००, एक एचपीच्या पंपाचे साधारण १०००. बेरीज ८८०० वॅट. २३० व्होल्टने भागा, ३८ अँपिअर येतात. आता हॅलोजनच्या जागी २०० वॅटचे एलईडी फ्लड आणि ट्यूबच्या जागी २० वॅटच्या एलईडी धरून पुन्हा बेरीज करा. ५१२० वॅट, म्हणजे जेमतेम २२ अँपिअर. उजेड तेवढाच, आणि कदाचित कनेक्शनला हातही लावावा लागणार नाही. पंप सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो, म्हणून टाकी कार्यक्रमाआधीच भरून घ्यावी.

वॅटची ही बेरीज बिलावरच्या मंजूर भाराशी, म्हणजे महावितरणने मान्य केलेल्या लोडशी, ताडून बघा. एका उत्सवापुरतंच कमी पडत असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते. कायमचा भार वाढवायचा असेल तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

पण भार वाढवला म्हणून जुनी वायर जाड होत नाही. कितीतरी मंडपांत अजून लाकडी पट्टीवरची वायरिंग आहे. वर सुती वेष्टण, आत रबर. बोर्डाजवळ वाकवली की रबराचा भुगा हातात येतो. खाऱ्या हवेने टर्मिनलवर हिरवट थर चढलेला असतो. आणि चिनी मातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या तारेच्या खोबणीत, फ्यूज उडू नये म्हणून कोणीतरी तांब्याची तार दुहेरी पिळून घातलेली असते. ती तार बघितली की मला धडकी भरते. फ्यूज उडत नाही म्हणजे तापतेय ती छताच्या वाशांवरची वायर.

पंखे मंद फिरतात, ही दुसरी तक्रार. रात्री सगळं चालू ठेवून जाणत्या वायरमनकडून आधी मीटरजवळ व्होल्टेज बघून घ्या, मग मंडपातल्या बोर्डावर. मीटरजवळच १९० असेल तर दोष खांबाकडून किंवा डीपीकडून (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडून) येतोय, महावितरणला कळवा. मीटरजवळ २३० आणि बोर्डावर २०५ असेल, तर मधली वायर आपली आहे आणि ती बदलायला हवी.

अर्थिंगचं, म्हणजे गळती वीज जमिनीत उतरवणाऱ्या जोडणीचं, दुखणं खास आपल्याकडचं. जांभा दगड पाणी धरत नाही. पावसाळ्यात चांगली दिसणारी अर्थ मे महिन्यात साफ बिघडते, म्हणून ती मे महिन्यातच मोजावी. वायरचं इन्शुलेशन, म्हणजे वरचं वेष्टण, मात्र मेगर या मापकाने तपासावं ते भर श्रावणात, भिंती ओल्या असताना. आणि मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवाच. मंडपात अनवाणी पोरं ओल्या फरशीवर खेळत असतात.

शेवटचं काम जनरेटरचं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी देऊळ किंवा समाजमंदिर हाच आसरा. तिथे जनरेटर लावायची जागा आधीच करून ठेवा, पण चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचमधून. नाहीतर जनरेटरची वीज उलटी लाइनवर जाते आणि तिकडे खांबावर तुमच्याच गावासाठी लाइनमन चढलेला असतो.