पाण्यावरची गाडी आणि मामाची वही

नमस्कार. समोरच्या टेबलावरचा काचेचा ग्लास मागच्या रांगेतून दिसतोय ना? साधं पाणी आहे, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा. दोन पेन्सिली दोन्हीकडून तासून पाण्यात उभ्या केल्यात आणि त्यांची वरची टोकं नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडलीत. पुढची मुलं जवळ या. एका शिशाला बुडबुडे भराभर येताहेत, दुसऱ्याला सावकाश. भराभर येतोय तो हायड्रोजन, दुसरा ऑक्सिजन. १८०० साली, इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने केलेल्या बॅटरीची बातमी इंग्लंडला पोचली त्याच वर्षी, निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी लंडनमध्ये पाणी असंच फोडलं.

हे दोन वायू एकत्र पेटवले की ज्योत जवळपास २८०० अंश सेल्सियसपर्यंत जाते. तिच्यात चुन्याचा खडा धरला की तो पांढराशुभ्र प्रकाश देतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नाटकगृहांत नटावर हाच झोत टाकत. ‘लाइमलाइट’ हा शब्द तिथला. सांगायचं हे, की पाण्यातून निघणारा वायू खरा आहे, तो पेटतो. डोळ्यांदेखत पाण्यातून आग निघते, म्हणून गाडी पाण्यावर चालते असं कुणी म्हणालं, की माणूस विश्वास ठेवतो. त्यात त्याचा मूर्खपणा नसतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ग्रोव्ह सिटी गावात राहणारा स्टॅनली मेयर ही आग दाखवत असे. स्टेनलेस स्टीलच्या एकात एक बसवलेल्या नळ्या, त्यांत पाणी, आणि विजेचे जास्त व्होल्टचे झटके. नेहमीपेक्षा कितीतरी कमी विजेत पाणी फुटतं, असा त्याचा दावा होता. हे यंत्र लावलेली एक उघडी बग्गी त्याने टीव्हीवर दाखवली आणि सांगितलं, की लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जायला ८३ लिटर पाणी पुरेल.

आता आपण हिशेब करू. एक लिटर पाणी फोडायला कमीत कमी ४.४ युनिट वीज लागते. युनिट तेच, आपल्या लाइटबिलावरचं. ८३ लिटरना ३६५ युनिट. ही वीज बग्गीत कुठून येणार? बरं, ती फुकट आली असं धरू. ८३ लिटर पाण्यात हायड्रोजन असतो ९ किलोच्या थोडा वर. आजच्या हायड्रोजनवर चालणाऱ्या चांगल्या गाड्या किलोला साधारण शंभर किलोमीटर जातात. म्हणजे हजारच्या आतच गाडी उभी राहिली, आणि न्यूयॉर्क साडेचार हजार किलोमीटरवर!

याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख. तो ऑक्सिजनशी जळून गेला, उष्णता देऊन मोकळा झाला, मागे पाणी उरलं. त्याच्यापासून पुन्हा हायड्रोजन करायचा तर जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी परत घालावी लागते, आणि व्यवहारात थोडी जास्तच. झटक्यांनी घाला नाहीतर सलग घाला, हिशेब बदलत नाही.

मेयरला पैसे दिलेल्या दोघांनी त्याला कोर्टात खेचलं. तज्ज्ञांनी यंत्र तपासलं आणि साक्ष दिली, की यात क्रांतिकारक काही नाही, हे नेहमीचंच विद्युत अपघटन आहे, म्हणजे या ग्लासात चाललंय तसं विजेने पाणी फोडणं. १९९६ साली कोर्टाने याला ढळढळीत फसवणूक ठरवलं आणि त्यांचे २५,००० डॉलर परत करायला लावले. मार्च १९९८ मध्ये एका रेस्टॉरंटमध्ये जेवताना तो गेला. वय ५७. आपल्याला विष घातलं, असं तो शेवटी म्हणाल्याचं सांगतात. सरकारी तपासणीत कारण निघालं मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा. तरी तेल कंपन्यांनी त्याला मारलं ही गोष्ट काही थांबली नाही, आजही मोबाइलवर फिरते. फिरवणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, त्याची पेटंटं उघडी आहेत, त्यांची मुदत कधीच संपली. कोणीही वाचून यंत्र करावं. जगभर खटपट करणारे इतके कारागीर आहेत, पण अशी मोजून दाखवलेली गाडी एकाचीही नाही.

मला याचा राग येतो, कारण हे माझ्या घरात घडलं. माझा मामा टेम्पो चालवायचा. डिझेल वाढलं, तेव्हा कुणीतरी त्याला पाण्याचं किट विकलं. बॉनेटखाली बरणी, तिच्यात स्टीलच्या पट्ट्या आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी, बॅटरीवरून वायर, आणि एअर फिल्टरला जोडलेली नळी. अॅव्हरेज दीडपट होईल, असं सांगितलं होतं. बरणीत फेस यायचा, मामा तो सगळ्यांना कौतुकाने दाखवायचा. पण डिझेल जाळून इंजिन फिरणार, इंजिन डायनामो फिरवणार, डायनामो पाणी फोडणार आणि तो वायू परत इंजिनात. दर टप्प्यावर थोडी गळती, भर कुठेच नाही.

मामा सातवी शिकलेला. पण त्याला एक सवय होती: दर वेळी टाकी फुल करायची आणि किलोमीटर, लिटर वहीत लिहायचे. किट लावल्यावर दोन महिने त्याने तेच केलं. एका रात्री ओसरीवर बसून त्याने मला आकडे वाचायला लावले. किटच्या आधी लिटरला ११ किलोमीटर, नंतर ११, मध्ये एकदा साडेदहा. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘बुडबुडे तर रोज येत होते रे.’ सकाळी त्याने पाना घेऊन स्वतःच्या हाताने बरणी सोडवली. कॉस्टिकने बोटं भाजली, पंधरा दिवस फडकं बांधून गाडी चालवली.

ती वही आज बरोबर आणली आहे. ग्लासाशेजारी ठेवतो, बघून जा. डिझेलचे डाग आहेत, पण आकडे वाचता येतात.