लांब माल, रॅक आणि वजनाचा हिशोब

श्रोतेहो, नमस्कार.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात जा, भोसरी-चाकणच्या कारखान्यांमागच्या शेडमध्ये जा, नाहीतर एखाद्या तालुक्याच्या गावी सिमेंट-सळईच्या दुकानात जा. लांब माल सगळीकडे असतो. ६ मीटरचे पाइप, अँगल, चॅनल, १२ मीटरच्या सळ्या, छपराचे पत्रे, लाकडाचे वासे. पोत्यांची थप्पी लागते, खोक्यांचीही लागते. पाइपांची थप्पी लावली, की पहिला प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहतो. गिऱ्हाइकाला हवा असलेला पाइप नेमका तळाला असतो. मग कुणीतरी तो खालून ओढतो, आणि वरचे पाइप घरंगळत त्याच्या पायावर येतात. जागा नाही म्हणून अँगल भिंतीला टेकवून उभे केले, तर त्यांचं खालचं टोक फरशीवरून कधी सरकेल याचा भरवसा नसतो.

म्हणून रॅक आला. लांब मालाच्या रॅकला मागच्या बाजूला उभे खांब असतात आणि त्या खांबांतून पुढे आडवे हात निघालेले असतात. कामगार त्यांना आर्म म्हणतात. पुढच्या बाजूला खांब नसतो, त्यामुळे कितीही लांब माल समोरून सरळ आत ठेवता येतो. सोय फार मोठी आहे. पण या हातांना आधार एकाच बाजूने असतो, हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं ऐका.

लोखंड जाड दिसतं, रंग नवा आहे, वेल्डिंग भरभक्कम आहे, एवढ्यावरून रॅक किती पेलेल हे डोळ्यांना कळत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की रॅकच्या प्रत्येक हातावर किती किलो चालतील हा आकडा पहिलं बंडल चढवण्याआधी ठरलेला असला पाहिजे, आणि तो रॅकवर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, रंगवलेला असला पाहिजे. माल चढवणाऱ्या माणसाला तो वाचता आला पाहिजे. ऑफिसातल्या फाइलमध्ये पडून असलेल्या आकड्याचा त्याला काही उपयोग नाही.

आता हिशोब करू. अवघड काही नाही. सळईचं वजन काढायची रीत साइटवरच्या प्रत्येक मुकादमाला पाठ असते: व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ने भागा, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १६ मिलिमीटरची सळई म्हणजे २५६ भागिले १६२, साधारण १.५८ किलो. १२ मीटरची एक सळई १९ किलोची झाली. दोन इंची मध्यम जाडीचा लोखंडी पाइप मीटरला सुमारे ५ किलो भरतो. ६ मीटरचा एक पाइप ३० किलो. असे ५० पाइप रॅकच्या एका मजल्यावर, म्हणजे एका उंचीवरच्या हातांवर, ठेवले, की दीड हजार किलो झाले. लहानशा मोटारगाडीपेक्षा हे वजन जास्त आहे आणि ते माणसाच्या डोक्याच्या वर आहे.

समजा, रॅकला तीन खांब आहेत, म्हणजे एका मजल्यावर तीन हात. आपण सहज म्हणतो, दीड हजार भागिले तीन, प्रत्येक हातावर ५००. इथेच फसगत होते. पाइपांची टोकं बरोबर कडेच्या दोन हातांवर टेकली असतील आणि तिसरा हात मधोमध असेल, तर मधल्या हाताला दोन्ही बाजूंचा भार घ्यावा लागतो. एकूण वजनाचा ८ पैकी ५ भाग त्याच्या वाट्याला येतो. म्हणजे दीड हजारातले ९००हून जास्त किलो एकट्या मधल्या हातावर, आणि कडेच्या दोघांवर जेमतेम पावणेतीनशे-पावणेतीनशे. रॅकवर ‘एका हातावर ५०० किलो’ असं रंगवलेलं असलं, तरी मधला हात जवळपास दुप्पट ओझं वाहत असतो, आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो.

यावर उपाय आहे आणि त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही. खांबांमधलं अंतर कमी करा आणि मालाची टोकं कडेच्या हातांच्या बाहेर काढा. ६ मीटरच्या मालासाठी खांब दोन-दोन मीटरवर ठेवले आणि पाइप दोन्ही बाजूंना एक-एक मीटर बाहेर राहू दिला, तर मधल्या हातावर सुमारे ४४० किलो येतात आणि कडेच्या प्रत्येकावर सुमारे ५३०. भार जवळजवळ सारखा वाटला गेला. दोन हातांमध्ये जितकं अंतर, त्याच्या निम्मा माल टोकांना बाहेर, असा हा नियम आहे. बाहेर आलेल्या टोकांना लाल कापड किंवा टोपी लावा, आणि ती येण्याजाण्याच्या वाटेत येणार नाहीत हे पाहा. हा सगळा हिशोब तिन्ही हात एका पातळीत असतील तरच खरा ठरतो, हेही विसरू नका. एक हात जरा खाली बसला, तर त्याचं ओझं इतरांवर जातं.

हात किती जवळजवळ हवेत, हे मालाच्या लवचिकपणावरही ठरतं. बारीक सळई, प्लास्टिकचा पाइप, पातळ पट्टी दोन आधारांमध्ये झोल खाते. रॅक विकत घेण्याआधी जमिनीवर लाकडी ठोकळे ठेवा, त्यांवर माल ठेवून बघा. मधे अर्ध्या इंचापेक्षा जास्त झोल दिसला, तर ठोकळे जवळ घ्या किंवा एक वाढवा. ठोकळे जिथे नीट बसले, तिथे खांब. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते केलं तर पुढे माल वाकत नाही.

दुसरी गोष्ट, हातावर माल कुठे ठेवला ही. पाण्यानं भरलेली बादली छातीजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा. बादली तीच, पाणी तेवढंच, पण खांदा लगेच भरून येतो. रॅकच्या हाताचंही तसंच आहे. रॅकवर लिहिलेला आकडा हा माल हाताच्या संपूर्ण लांबीवर सारखा पसरलेला आहे असं धरूनच काढलेला असतो. तेवढंच वजन हाताच्या टोकाला ठेवलं, तर खांबाजवळच्या जोडावर दुप्पट ताण येतो. म्हणून माल आत, खांबाला लागून ठेवा आणि हाताच्या टोकापुढे काही लोंबू देऊ नका. घाईत बंडल पुढच्या कडेवर टेकवून ‘नंतर सरकवू’ म्हणणं फार धोक्याचं आहे. ते नंतर बहुधा येत नाही.

गोल मालाला हाताच्या टोकाशी माल अडवणारा थोप हवाच, नाहीतर हात आतल्या बाजूला किंचित उतरते हवेत. चौकोनी मालाला, लाकडाला सरळ हात चालतात. एका मजल्यावर दोन बंडलं एकावर एक ठेवायची असतील, तर मधे लाकडी पट्ट्या द्या आणि त्या पट्ट्या रॅकच्या हातांच्या बरोबर वर, एका रेषेत आल्या पाहिजेत.

सगळ्यात जड माल सगळ्यात खाली. भरताना खालून वर, उतरवताना वरून खाली. दोन्ही बाजूंना हात असलेला रॅक असेल, तर एकच बाजू भरून दुसरी रिकामी ठेवू नका. रॅक पुरवणाऱ्यानं तशी परवानगी लिहून दिली असेल तरच तसं करा.

आता जमिनीकडे वळू. पाच मजल्यांवर दीड-दीड हजार किलो म्हणजे साडेसात हजार, आणि ते उतरतं तीन खांबांच्या तळपट्ट्यांवर. भार सारखा वाटला गेला, तरी एका खांबाखाली सुमारे अडीच हजार किलो आले. हे वजन पेव्हर ब्लॉकवर किंवा नुसत्या मुरमावर ठेवणं मला मुळीच मान्य नाही. कोकणपट्टीत आणि नवी मुंबईसारख्या भराव घातलेल्या भागांत तर पहिल्या पावसातच जमीन बसू शकते. रॅक काँक्रीटच्या फरशीवरच उभा करा, आणि त्या फरशीची जाडी एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या. खांब फरशीला धरून ठेवणाऱ्या बोल्टसाठी भोक पाडल्यावर आतली भुकटी फुंकून काढा, नाहीतर बोल्ट धरत नाही. किती घट्ट करायचा तो आकडा बोल्ट बनवणारा देतो, त्यासाठी टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, वापरा. प्रत्येक खांब ओळंब्यात आहे ना, ते दोन्ही दिशांनी पाहा. फरशी उंचसखल असेल तर खांबाखाली पोलादी शिम, म्हणजे पातळ सपाट चकती, द्या. लाकडाचा तुकडा किंवा दुमडलेला पत्रा नको. खांबांना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या ‘आड येतात’ म्हणून कापलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या पट्ट्या नसतील तर रॅक बाजूला कलतो.

माल हलवतानाच सगळ्यात जास्त घोळ होतो. बंडल बांधलेली तार किंवा पट्टी केवळ सळ्या एकत्र ठेवण्यासाठी असते. तिच्यात हुक अडकवून हायड्रानं, म्हणजे चाकांच्या क्रेननं, बंडल उचलणं सर्रास चालतं, आणि ते बंद झालंच पाहिजे. तार तुटते आणि सळ्या सुटून खाली येतात. बंडलाभोवती व्यवस्थित पट्टे किंवा साखळी घाला. दोन पट्ट्यांनी उचलताना ते जितके फाकतील तितका त्यांच्यावरचा ताण वाढतो. पट्टे उभे असतील तर प्रत्येकावर निम्मं ओझं असतं, पण पट्टा आडव्या रेषेपासून ३० अंशांवर आला, की प्रत्येक पट्ट्यावर अख्ख्या मालाइतका ताण येतो. लांब मालासाठी वर स्प्रेडर बीम, म्हणजे पट्टे लांब अंतरावर अडकवायची आडवी तुळई, वापरला, तर पट्टे उभेच राहतात.

फोर्कलिफ्टच्या पाटीवर ३ टन लिहिलेले असतात. मालाचा तोल फोर्कच्या उभ्या पाठीपासून साधारणपणे ५०० मिलिमीटरवर असेल, तेव्हाचा तो आकडा असतो. माल पुढे गेला किंवा उंच चढला, की क्षमता उतरते. शिवाय ६ मीटरचा पाइप आडवा घेऊन गाडी वळते, तेव्हा त्याची टोकं मोठा घेर घेतात. त्या घेरात खांब येतो, भिंत येते, कधी माणूसही येतो. फोर्क जितके रुंद करता येतील तितके करा, माल खाली ठेवून चालवा, आणि वाट अरुंद असेल तर बाजूनं माल उचलणारी गाडी लागेल हे मालकानं मान्य करावं.

एक माणूस पट्टे लावील, दुसरा इशारा देईल, आणि बाकी कुणी जवळ राहायचं नाही. वर टांगलेल्या मालाखाली तर नाहीच, पण रॅकच्या पलीकडच्या बाजूलाही नाही. इकडून ढकललेला पाइप तिकडे निघतो. रॅकच्या हातांवर पाय देऊन वर चढणं सक्त मना. बंडलाची पट्टी कापताना ती उसळून डोळ्यांवर येते. चष्मा लावा, बाजूला उभे राहा.

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा झाला. ओझं वाहणाऱ्या माणसाच्या मजुरीचा, त्याच्या म्हातारपणाचा विचार त्यामागे होता. ज्यांच्या पाठीवर हा बाजार उभा राहिला, त्यांना रॅकखाली सुरक्षित उभं राहता आलं पाहिजे, हा त्याच विचाराचा भाग आहे असं मी मानतो.

तपासणीबद्दल थोडं. युरोपात रॅकच्या नुकसानीला हिरवा, पिवळा आणि लाल अशा खुणा देतात. लाल म्हणजे तिथला माल लगेच उतरवायचा. पिवळा म्हणजे आहे तो माल निघाला, की दुरुस्ती होईपर्यंत पुन्हा भरायचा नाही. ही रीत आपल्याकडे कोणीही उचलावी, खडू पुरतो. आपल्या कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रं पुसून पूजा होते, काम थांबलेलं असतं. तो दिवस मला यासाठी फार योग्य वाटतो, कारण पावसाळा नुकताच सरलेला असतो. चिखल आणि पाणी साचून खांबाच्या बुडाशी गंज धरलेला असतो, रंगाखाली तो दिसत नाही. तिथला रंग खरवडून पाहा, प्रत्येक बोल्टला पाना लावा, ओळंबा धरा. उघड्यावर पत्रे ठेवले असतील, तर ते उन्हाळ्यातच, वळवाच्या आधी, घट्ट बांधा. वादळी वाऱ्यात पत्रा उडाला तर तो कुणालाही कापू शकतो. वाकलेला हात गॅसनं तापवून सरळ करू नका, बदला. आणि हात वरखाली हलवायचे असतील, तर आधी रॅक रिकामा करा, मग हलवा, आणि पाटीवरचा आकडा नव्यानं तपासून घ्या.

शेवटी, गावोगावच्या लहान दुकानदारांना थेट सांगतो. तुमचा रॅक ओळखीच्या फॅब्रिकेटरनं उरलेल्या चॅनलमधून करून दिला असेल, तर त्याच्यावर आकडा नसतो, कारण कुणी हिशोबच केलेला नसतो. फॅब्रिकेटर हुशार असेलही, पण वेल्ड चांगला असणं आणि भाराची गणितं मांडलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या सकाळी दुकान उघडलं, की आधी वरचे दोन मजले वरून खाली या क्रमानं रिकामे करा आणि तो माल खाली, पाचरी लावून ठेवा. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याला हातांची लांबी, चॅनलचं माप, खांबांतलं अंतर आणि तुम्ही जास्तीत जास्त काय ठेवता ते खरं खरं सांगा. तो देईल तो आकडा किलोत, सहीसकट कागदावर घ्या, आणि त्याच दिवशी रंगाऱ्याकडून रॅकवर लिहून घ्या. तोवर वरचे मजले रिकामेच राहू द्या.

नमस्कार.