काका, बोलू नका जी

(उपकेंद्राचा ओटा, चपलांची गर्दी)
वर्धा जिल्ह्यातलं हे आरोग्य उपकेंद्र. शेतात कापसाची वेचणी जोरात आहे, तरी ओटा भरलाय. आज बीपीच्या गोळ्या मिळायचा दिवस.

(दंडावर पट्टा, जवळून)
इथं आल्या आल्या कोणाला पट्टा बांधत नाहीत. आधी पाच मिनिटं खुर्चीला पाठ टेकून बसायचं. पाय जमिनीवर, एकावर एक नाही. सदऱ्याची बाही वर, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला.
"मॅडम, ते पोराचं..."
"काका, आता बोलू नका जी, आकडा वाढते."
बोलण्यानं खरंच वाढतो. लघवी तुंबलेली असली तरी वाढतो. चहा आणि तंबाखूचा खर्रा आधीचा अर्धा तास बंद. थोडं थांबून पुन्हा एकदा मोजतात. बाहीवरूनच पट्टा गुंडाळून दहा सेकंदांत बीपी सांगणारेही आहेत. त्या आकड्यावर वर्षानुवर्षांची गोळी कशी सुरू करायची?
वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा 140 किंवा खालचा 90, नाहीतर त्याहून जास्त आला, की रक्तदाब वाढलेला धरतात.

(पानठेला, पन्नीत घोटला जाणारा खर्रा)
सुपारी, तंबाखू, चुना. तंबाखूनं रक्तदाब लगेच चढतो. मिठाचं म्हणाल तर दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. लोणचं, पापड, ठेचा त्यातच धरायचे.

(कार्ड, गोळ्यांचं पाकीट)
इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवायचा उपक्रम, 2017 मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात विदर्भातले वर्धा आणि भंडारा होते. पद्धत साधी: औषधांचा क्रम ठरलेला, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाचं कार्ड. तारीख चुकली की आशाताई घरी.

(आशाताई, घराची ओसरी)
"मावशी, एवढ्या गोळ्या उरल्या कशा?"
"काही दुखत नाही ना माय, मंग कायले खाऊ?"
दुखत नाहीच, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आकडा उतरलाय तो गोळीमुळे, आणि उतरला म्हणून गोळी सुटते. वेचणीत तर हमखास, पहाटेच घर सोडावं लागतं. पुढे लकवा, हार्ट अटॅक, किडनी.
आशाताईंनी तोडगा काढलाय: पाकीट चहाच्या डब्याशेजारी ठेवायचं. तिशी ओलांडलेल्या कोणाचंही बीपी उपकेंद्रात फुकट मोजतात. येताना जुनं कार्ड आणा.