सात किलोमीटर तीनशे नव्वद

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

ओळख करून देताना अध्यक्षांनी मला 'माजी विक्रमवीर' म्हटलं. त्यांचा दोष नाही, कागदावर मीच तसं लिहून दिलं होतं. त्या विक्रमाचं पुढे काय झालं, हाच आजचा विषय आहे. आणि ही व्यासपीठावरची सायकल विकायला आणलेली नाही. दोघा कार्यकर्त्यांनी ती ढकलत न आणता उचलून आणली, बिचारे घामाघूम झाले. असं का, ते शेवटी सांगतो.

तर मंडळी, माझ्या उमेदीच्या काळात एक क्रॉसकंट्री, म्हणजे शेतातून, माळरानावरून पळायची शर्यत, व्हायची. कुठे, कोण भरवायचं, ते विचारू नका. मंडळी हयात आहेत आणि अजून माझ्याशी बोलतात. अंतर 8 किलोमीटर. मी 25 मिनिटं 10 सेकंदांत आलो. पंचांनी घड्याळ बघितलं, झटकलं, कानाला लावलं. चालू होतं. विक्रम जाहीर झाला, प्रमाणपत्र मिळालं, त्याला चौकट बसली. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला खुर्ची नंतर मिळायची, आधी भिंतीपाशी नेलं जायचं.

यात एक बारीकशी अडचण होती. ट्रॅकवर 10,000 मीटरला मला कधी 33 मिनिटांच्या आत येता आलं नाही. सपाट ट्रॅकवर किलोमीटरला 3 मिनिटं 18 सेकंद लावणारा माणूस चिखलात, चढावर 3 मिनिटं 9 सेकंदांनी कसा पळतो? प्रशिक्षकांनी त्याचा उलगडा केला होता: "हा मातीचा गडी आहे." मला तो पटला. अशा गोष्टी माणसाला फार लवकर पटतात.

बऱ्याच वर्षांनी मोजणीचा नाद लागला, तेव्हा मी तो मार्ग मोजायला गेलो. भरला 7,390 मीटर. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आपलीच चूक सापडेल या आशेनं. 7,391. म्हणजे आशेला एक मीटर फळ आलं. (हशा)

मग मूळ मोजणी करणाऱ्या गृहस्थांना गाठलं. त्यांनी मोठ्या मनानं सगळं सांगितलं. मोजायचं चाक घेऊन ते निघाले, मध्ये नांगरट लागली. चाकाला चिखल धरला, ते फिरेना, म्हणून खांद्यावर घेतलं आणि पावलं मोजायला लागले. वाटेत एक ओळखीचे भेटले. बोलता बोलता आकडा गेला. मग त्यांनी ठरवलं, "सहाशे धरू." तो तुकडा मी फितीनं मोजला आहे. 190 मीटर आहे. म्हणजे 410 तिथेच गेले. उरलेले 200? शर्यतीच्या दिवशी परतीच्या वळणावर पाण्याचा टँकर उभा होता. टँकर हलवण्यापेक्षा झेंडा हलवणं सोपं. शंभर मीटर अलीकडे आणला. जाताना शंभर वाचले, येताना शंभर. हिशेब चोख जुळला. माझ्या आयुष्यातला एवढा चोख जुळलेला हिशेब हा एकच.

हसताय, पण मोठमोठ्यांचं हेच झालंय. 1981 साली न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार 2 तास 8 मिनिटं 13 सेकंदांत आला. जगातली सर्वोत्तम वेळ! नंतर मार्ग पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे 148 मीटर कमी भरला. त्याच्या वेगानं ते अंतर म्हणजे 27 सेकंद. ती मिळवा, की होतात 2:08:40, आणि ज्या डेरेक क्लेटनची वेळ त्यानं मोडली ती होती 2:08:33.6. मोडलीच नाही म्हणायची! आता गंमत अशी, की क्लेटननं ती वेळ 1969 साली अँटवर्पला दिली होती आणि तो मार्गही कमी भरत असल्याचा संशय कायम आहे. चोरावर मोर म्हणावं तर दोघंही बिचारे साव. ते प्रामाणिकपणे पळाले होते, फीत अप्रामाणिक होती.

रस्त्यावर यावर उपाय निघाला, तो हा इथे पुढच्या चाकाला बसवलाय. जोन्स काउंटर, चाकाचे फेरे मोजणारं यंत्र. 1971 साली अमेरिकेत अ‍ॅलन जोन्स आणि त्यांच्या मुलानं तयार केला. मूळ यंत्रात चाकाच्या एका फेऱ्याला 20 आकडे सरकतात, म्हणजे दर आकड्याला साधारण दहा सेंटिमीटर. आधी पोलादी फितीनं सरळ रस्त्यावर 300 मीटर किंवा जास्त अंतर आखायचं, त्यावर चार वेळा सायकल चालवायची, मग मार्ग मोजायचा आणि परत येऊन पुन्हा चार वेळा. परत का? कारण ऊन वाढलं की टायरमधली हवा फुगते, चाक मोठं होतं आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. मोजायचं ते कडेपासून 30 सेंटिमीटरवरून, वळणं कापत, सगळ्यात जवळच्या वाटेनं. आणि वर हजारी एक मीटर जादा टाकायचा. मॅरेथॉनला 42 मीटर. मार्ग लांब भरला तर चालेल, आखूड नको.

हे सगळं डांबरावर. गवतावर टायर रुतते आणि डांबरावर काढलेलं माप गवतावर लागू पडत नाही. म्हणून मी 300 मीटर त्याच गवतावर आखतो. हातानं ढकलायचं चाक उंचवट्यांवरून चढतं-उतरतं तिथे जास्त मोजतं, घसरतं तिथे कमी. नकाशावरून मोजलंत तर चढ हरवतो. दहा टक्के चढाला किलोमीटरमागे पाच मीटर. आणि मनगटावरची घड्याळं... समोर चारजणांनी हात मागे घेतले, बघितलं मी. झाडीत त्या घड्याळाचे बिंदू इकडेतिकडे पडतात, आखूड वळणं ते कापून टाकतं. शेजारी शेजारी पळालेल्या दोघांची घड्याळं सारखं अंतर दाखवत नाहीत, तरी दोघं शर्यत संपल्यावर आयोजकांशी भांडायला बरोबर एकत्र जातात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे क्रॉसकंट्रीतले विक्रम धरायचे का, हा जो विषय छापील पत्रिकेवर होता, तो आता पळतच सांगतो.

धरायचे नाहीत. जागतिक संघटनाही धरत नाही. ट्रॅकचे विक्रम आहेत, 2004 पासून रस्त्याचेही आहेत, क्रॉसकंट्रीत जागतिक विक्रम नाही. 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हूसला जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेचा मार्ग चक्क संग्रहालयाच्या गवताळ छपरावरून नेला होता. तिथे युगांडाचा जोशुआ चेप्टेगेई 31:40 मध्ये जिंकला. पुढच्या वर्षी त्यानंच व्हॅलेन्सियाला ट्रॅकवर 10,000 मीटरला 26:11 चा जागतिक विक्रम केला. अंतर जवळपास तेवढंच. यातली कुठली वेळ कुठल्या वेळेशी ताडून बघणार?

दुसरं, रुंदी. मार्ग पाच मीटर रुंद असेल, तुम्ही मधोमध मोजलंत आणि पोरगं आतल्या कडेनं पळालं, तर एका फेरीला जवळपास 15.7 मीटर वाचतात. फेरी कितीही वेडीवाकडी असो, एकूण वळण 360 अंशांचंच. पाच फेऱ्यांना 78 मीटर. ताशी 20 किलोमीटरच्या वेगानं 14 सेकंद. तेव्हा मोजायचं ते आतल्या कडेनं, आणि वळणांवर झेंडे नुसते रोवू नका, खाली खुंटी ठोका. झेंडा टँकरला घाबरतो.

तिसरं आणि खरं. या खेळातली सांघिक गुणांची पद्धत बघा. वेळांची बेरीज नसते, क्रमांकांची असते. जागतिक स्पर्धेत सहापैकी पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवतात, कमी बेरीज तो संघ पुढे. खेळानंच घड्याळ बाजूला ठेवलंय.

मग मोजायचं कशाला? कारण चौदा वर्षांच्या पोराला आपण किती पळवतोय ते कळायला हवं, आणि त्याला वेगाचा अंदाज बांधता यायला हवा. फक्त मोजून जे भरेल तेच छापा. 7,860 भरलं तर 7,860. आठ भरवायला मैदानाच्या कोपऱ्यात फक्की मारून ते केविलवाणं वेटोळं काढू नका. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉसकंट्री 10,650 मीटरची होती, भर उन्हात 38 जण निघाले, 15 पोचले, फिनलंडचा नुर्मी जिंकला. त्याच्याकडे कुणी साडेसहाशे मीटर कमी करून मागितले नाहीत. विक्रम लिहायचाच असेल तर त्या मार्गापुरता लिहा, शेजारी रेषेचा नकाशा आणि जमीन ओली होती की कोरडी ते टाका. वळण हललं की नवा मार्ग, नवं पान.

"आणि तुमचं प्रमाणपत्र?" असं मागून कुणीतरी विचारलं. भिंतीवरच आहे. 8 वर काट मारून मी 7.39 लिहिलंय, वेळ तशीच आहे. पाहुण्यांना आता जास्त वेळ उभं राहावं लागतं.

अध्यक्ष उठले, म्हणजे झालं. सायकल बघायची असेल त्यांनी पुढे या, हात लावा, घंटी वाजवा. पुढचं चाक तेवढं फिरवू नका. आज सकाळच्या मोजणीचा शेवटचा आकडा अजून काउंटरवरच आहे, वहीत उतरवायचा राहिलाय.