लिझी बोर्डनचे घर आणि दीड तासाची रिकामी जागा

नमस्कार. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि त्याच परिसरात वसंतराव देशपांडे सभागृहही आहे. राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले की संहिता शोधणारी तरुण मुले माझ्याकडे येतात, आणि त्यांतले कोणीतरी हमखास विचारते, "ताई, पेपरात आलेल्या खऱ्या घटनेवर नाटक लिहिले तर चालेल का?" घटना बहुधा घरातलीच असते. भावाने भावाला मारलेले असते, नाहीतर मुलाने वडिलांना. त्या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचे उत्तर नाही. म्हणून मी त्यांना अमेरिकेतल्या एका घराची आणि त्या घरावर पुढे रचल्या गेलेल्या नाटक, नृत्यनाट्य, ऑपेरा आणि चित्रपटांची हकीकत सांगते. आज ती तुम्हालाही सांगणार आहे.

(पडद्यावर: दुमजली लाकडी घराचे रेखाचित्र)

मॅसॅच्युसेट्स राज्यातले फॉल रिव्हर हे सूतगिरण्यांचे गाव होते. एम्प्रेस मिलचा भोंगा ज्यांच्या घरापर्यंत ऐकू येत असे, त्या नागपूरकरांना असे गाव समजावून सांगावे लागत नाही. जमशेटजी टाटांची आपली मिल 1877 साली सुरू झाली, आणि त्याच काळात फॉल रिव्हर हे अमेरिकेतल्या कापड उत्पादनाच्या मोठ्या केंद्रांपैकी एक होते. तिथले अँड्र्यू बोर्डन हे गिरण्यांचे आणि बँकांचे संचालक असलेले, पुष्कळ मालमत्ता बाळगून असलेले आणि हात अतिशय आखडता असलेले गृहस्थ होते. गावातले श्रीमंत लोक टेकडीवरच्या वस्तीत राहत असताना ते बाजारपेठेजवळच्या सेकंड स्ट्रीटवर एका जुन्या, गैरसोयीच्या घरात राहत. घरात दुसरी पत्नी अ‍ॅबी, पहिल्या पत्नीच्या दोन अविवाहित मुली एमा आणि लिझी, आणि घरकामाला राहिलेली आयरिश तरुणी ब्रिजेट सलिव्हन अशी माणसे होती.

4 ऑगस्ट 1892 रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास अ‍ॅबी बोर्डन वरच्या मजल्यावरील पाहुण्यांच्या खोलीत मारल्या गेल्या. अकराच्या सुमारास, बाहेरून परतून बैठकीच्या कोचावर आडवे झालेले अँड्र्यू मारले गेले. हत्यार दोन्ही वेळा लहान कुऱ्हाडीसारखे होते. एमा परगावी होती. मुक्कामाला आलेले मामा जॉन मोर्स सकाळीच बाहेर पडले होते. घरात आणि आवारात उरल्या त्या 32 वर्षांच्या लिझी आणि ब्रिजेट.

पोरांच्या तोंडी जे गाणे पुढे पिढ्यान्पिढ्या राहिले त्यात आईला चाळीस घाव आणि बापाला एक्केचाळीस असा हिशेब आहे. प्रत्यक्षात अ‍ॅबींच्या अंगावर 18-19 आणि अँड्र्यूंच्या चेहऱ्यावर 10-11 घाव होते. म्हणजे रूपांतराची सुरुवात रंगमंचावर झालीच नाही, ती रस्त्यावर दोरीच्या उड्या मारणाऱ्या मुलींनी केली. आकडा फुगला, यमक जुळले, आणि गुन्हेगार कोण हे कडव्यातच ठरून गेले.

न्यायालयाने मात्र तसे ठरवले नाही. न्यू बेडफर्ड येथे जून 1893 मध्ये खटला चालला. बचावाच्या बाजूने राज्याचे माजी गव्हर्नर जॉर्ज रॉबिन्सन उभे होते. लिझींनी प्राथमिक चौकशीत दिलेला परस्परविरोधी जबाब न्यायाधीशांनी पुराव्यात घेतला नाही, आणि आदल्या दिवशी त्यांनी औषधाच्या दुकानात जहाल विष मागितल्याची साक्षही वगळली. खुनानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या चुलीत एक पोशाख जाळला होता. त्याला रंग लागला होता, असे त्यांचे म्हणणे होते. खुनानंतर त्यांच्या अंगावर किंवा कपड्यांवर रक्ताचा डाग मात्र कोणालाही दिसला नव्हता. 12 पुरुषांच्या ज्युरीने सुमारे दीड तासात त्यांना निर्दोष ठरवले. दुसऱ्या कोणावरही कधी खटला भरला गेला नाही.

आता माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन मृत्यूंच्या मध्ये जवळजवळ दीड तास गेला आहे. त्या दीड तासात घरात काय घडले, हे सांगणारी साक्ष फार थोडी आहे आणि ती बरीचशी ब्रिजेटची आहे. ती बाहेरून खिडक्या धूत होती. अँड्र्यू परतले तेव्हा पुढच्या दाराला आतून कड्या लावलेल्या होत्या, त्या काढताना ती वैतागून काही पुटपुटली, आणि वरच्या बाजूने लिझी हसल्याचे तिने ऐकले. जिन्याच्या ज्या टप्प्यावरून ते हसू आले असावे, तिथून पलीकडच्या खोलीत पडलेले अ‍ॅबींचे शरीर दिसणे शक्य होते. साक्षीतले हे एवढेसे हसू कोणत्याही नाटककाराला मोहात पाडेल. त्याचा अर्थ काहीही निघू शकतो, आणि काहीही न निघणेही शक्य आहे.

घराची रचनाही अशीच विलक्षण होती. त्या घराला बोळच नव्हता. एका खोलीतून दुसरीत जावे लागे, आणि मुलींची बाजू व आईवडिलांची बाजू यांमधले दार कायम बंद ठेवलेले असे, त्यामुळे एकाच मजल्यावरच्या माणसांना एकमेकांकडे जायचे तर पुढच्या जिन्याने उतरून मागच्या जिन्याने चढावे लागे. आपल्याकडे वाटण्या न झालेल्या वाड्यात दोन चुली मांडल्या जातात आणि मधल्या दाराला कुलूप लागते, ते दृश्य विदर्भातल्या माणसाने पाहिलेले असते. नेपथ्यकाराला याहून अधिक काय हवे?

(पडद्यावर: 1933, 1948, 1956, 1965)

लिझी बोर्डन 1 जून 1927 रोजी वारल्या आणि अवघ्या सहा वर्षांनी ब्रॉडवेवर 'नाईन पाईन स्ट्रीट' हे नाटक आले. मूकपटांच्या काळातल्या विख्यात अभिनेत्री लिलियन गिश त्यात प्रमुख भूमिकेत होत्या. पात्रांची नावे बदललेली होती, पण प्रेक्षकांना घर ओळखू येत होते. नावे बदलल्याने लेखकाची जबाबदारी कितपत कमी होते, याबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे.

1948 साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅग्नेस डी मिल यांचे 'फॉल रिव्हर लेजंड' हे नृत्यनाट्य रंगमंचावर आले. संगीत मॉर्टन गूल्ड यांचे होते. ही कलाकृती मला थोर वाटते आणि अस्वस्थही करते. तिची सुरुवात फाशीच्या खांबाजवळ होते, आणि आरोपी दोषी ठरते. प्रत्यक्ष निकाल निर्दोष असल्याचा होता आणि तो सर्वांना ठाऊक होता, तरीही तो उलटवला गेला. नृत्याच्या दृष्टीने कारण समजते. सुटकेनंतरची तीसेक वर्षांची कोंडी नाचून दाखवणे अवघड असते, खांबाखाली उभी असलेली एकटी बाई मात्र एका क्षणात सगळे सांगून जाते. त्यात सख्ख्या आईचे प्रेम आहे, तिचा मृत्यू आहे आणि तिच्या जागी येणारी कठोर सावत्र आई आहे. प्रेक्षक मुलीच्या बाजूने होतो आणि त्याच वेळी तिला खुनी म्हणून स्वीकारतो.

इथे थोडे थांबायला हवे, कारण सावत्र आई हे पात्र आपल्यालाही फार सोपे वाटते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारी कौटुंबिक नाटके ज्यांनी मंडपात घोंगडी पांघरून पाहिली आहेत, त्यांना ती मंचावर येताच ओळखू येईल. खऱ्या अ‍ॅबी बोर्डन 1865 साली त्या घरात आल्या, तेव्हा लिझी जेमतेम पाच वर्षांच्या होत्या. खुनापर्यंत 27 वर्षे त्या एका छपराखाली राहिल्या. लिझी त्यांना आई म्हणत असत. 1887 च्या सुमारास अँड्र्यूंनी अ‍ॅबींच्या सावत्र बहिणीसाठी एका घरातला हिस्सा विकत घेतला, मुलींना तो अन्याय वाटला, आणि त्यानंतर 'आई' हा शब्द जाऊन 'मिसेस बोर्डन' आले. संबोधनातला हा बदल मला कुऱ्हाडीच्या घावांहून अधिक नाट्यमय वाटतो. आपल्या घरांतही भांडण झाल्यावर 'वहिनी' जाऊन 'त्या' कधी येते, ते सगळ्यांना कळते आणि कोणी बोलून दाखवत नाही. मालमत्तेचा आणखी एक पदर आहे. अ‍ॅबी आधी वारल्या, म्हणून सगळा पैसा दोन मुलींकडे गेला. त्या अँड्र्यूंच्या नंतर वारल्या असत्या, तर त्यांच्या माहेरच्यांनाही वाटा मिळाला असता. मृत्यूंचा क्रम हा वकिलांचा विषय असतो, रंगमंचावर तो सहसा येत नाही, कारण सात-बाराच्या उताऱ्यावर नाचता येत नाही.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या 1956 च्या एका भागाने तर संशय थोरल्या बहिणीवर, एमावर नेला. 1965 साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराने जॅक बीसन यांचा ऑपेरा सादर केला, त्याच्या उपशीर्षकातच 'कुटुंबाचे चित्र' असा भाव आहे, आणि त्याचा रोखही गुन्ह्याच्या तपासाकडे नसून घरातल्या घुसमटीकडे आहे.

1975 साली दूरचित्रवाणीवर 'द लेजंड ऑफ लिझी बोर्डन' आला. एलिझाबेथ मॉन्टगोमेरी यांनी लिझी साकारली. कपड्यांवर रक्त का नव्हते, या न्यायालयात अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला या चित्रपटाने उत्तर दिले: तिने अंगावर कपडे न ठेवता खून केले. यासाठी पुरावा काहीही नाही. पण कॅमेऱ्याने एकदा दाखवले की ते पाहणाऱ्याच्या आठवणीत घडलेले असते, आणि आजही अनेकांना ते प्रकरणाचाच भाग वाटते. पुढे वंशावळीच्या अभ्यासातून असे समोर आले की मॉन्टगोमेरी या लिझींच्या दूरच्या नात्यातल्या होत्या.

2018 च्या 'लिझी' या चित्रपटात क्लोई सेव्हिनी आणि क्रिस्टन स्टुअर्ट यांनी लिझी आणि ब्रिजेट यांच्यातले प्रेमसंबंध हेच कारण मानले. अभिनय संयत आहे, घरातला उकाडा आणि शांतता उत्तम टिपली आहे. तरीही माझी हरकत आहे. ब्रिजेट ही खरी व्यक्ती होती, गरीब होती, परक्या देशात नोकरी करत होती आणि तिने शपथेवर साक्ष दिली होती. तिच्यावर लादलेल्या गोष्टीला उत्तर द्यायला तिचे कोणी नाही.

मराठी प्रेक्षकाला हे सगळे परके नाही. 27 एप्रिल 1959 चे मुंबईतले नानावटी प्रकरण आठवा. नौदलातले अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या होत्या. ज्युरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष म्हटले, उच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या प्रकरणावर मधुसूदन कालेलकरांचे 'अपराध मीच केला' आपल्या रंगभूमीवर आले, आणि हिंदी चित्रपट तर 1963 पासून 2016 पर्यंत येत राहिले. तिथे गोळी कोणी झाडली हा वाद नव्हता, वाद हेतूचा होता, म्हणून नाटककाराला भावना रंगवण्याची मोकळीक होती. बोर्डन प्रकरणात मुळात कृत्यच कोणाच्या नावावर नाही. ही दोन प्रकरणे एकाच मापाने मोजू नयेत, असे मी त्या मुलांना आवर्जून सांगते.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटते ते कॅनडाच्या शॅरन पोलॉक यांचे 'ब्लड रिलेशन्स', 1980 चे. नाटक खुनानंतर दहा वर्षांनी घडते. लिझींच्या घरी त्यांची एक अभिनेत्री मैत्रीण आली आहे. ती विचारते ते सगळे गाव विचारत असते: तू केलेस का? उत्तर मिळत नाही. दोघी एक खेळ मांडतात. अभिनेत्री लिझी होते, आणि लिझी स्वतः ब्रिजेट होऊन तिला त्या दिवसांतून चालवत नेते. कुऱ्हाड उचलली जाते ती अभिनेत्रीच्या हातात, तिने स्वतः समजून घेतलेल्या भूमिकेच्या ओघात. घाव पडताना दिसत नाही. शेवटी ती म्हणते, तूच केलेस. लिझी ते नाकारतात आणि बोट प्रश्न विचारणारीकडे वळवतात. मग अभिनेत्री हातातल्या हत्याराकडे पाहते आणि नंतर प्रेक्षागृहाकडे. तो दीड तास पोलॉक यांनी भरला आहे, पण भरणारा हात कोणाचा आहे तेही दाखवले आहे. स्पर्धेसाठी संहिता लिहिणाऱ्या मुलांना मी हेच नाटक आधी वाचायला देते.

(पडद्यावर काहीही नाही. फक्त आवाज.)

ब्रिजेट सलिव्हन खटल्यानंतर फॉल रिव्हरमधून निघून गेली. पुढे ती मोंटाना राज्यात राहिली आणि तिने लग्न केले. 1948 च्या मार्च महिन्यात ती तिथेच वारली. त्याच वर्षी 22 एप्रिलला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये 'फॉल रिव्हर लेजंड'चा पहिला प्रयोग झाला. फाशीच्या खांबाखाली आरोपी उभी राहिली, सख्खी आई होती, सावत्र आई होती, धर्मोपदेशक होता, ज्युरीच्या वतीने बोलणारा होता. त्या सकाळी खिडक्या धुणारी मुलगी त्या पात्रांत नव्हती.